दोघांचा डबा

(बांधकामाच्या जागेवरची पत्र्याची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात वजनकाटा. क्रेनवाल्याची पाळी नुकतीच सुटली आहे. कामगारांचं वजन आणि आहार बघणारी कोच त्याची वही वाचते आहे.)

कोच : बुधवारी सकाळी दोन अंडी, दोन ब्रेड, चहा. रात्री भात आणि पालेभाजी. मधे काहीच नाही?

क्रेनवाला : नाही.

कोच : गुरुवारीही मधे कोरं. शुक्रवारीही. दहा दिवसांची वही आहे ही, आणि एकाही दिवशी तुम्ही दुपारचे जेवलेला नाहीत.

क्रेनवाला : जेवलो की.

कोच : मग लिहिलं का नाही?

क्रेनवाला : ते वर.

कोच : वर म्हणजे?

क्रेनवाला : वर, केबिनमध्ये. सकाळी सातला शिडी चढलो की पाचला उतरतो. वही खाली लॉकरमध्ये. तुम्ही म्हणालात, खाल्लं की लगेच वहीत लिहा, मागाहून आठवून लिहू नका. आता वही खाली आणि मी वर. म्हणून वहीपाशी असताना जे खाल्लं ते लिहिलं.

कोच : म्हणजे ही फक्त जमिनीवरच्या जेवणाची वही आहे.

क्रेनवाला : तसं म्हणा.

कोच : अहो, साठ मीटर उंचीवर खाल्लेलं अंगाला लागत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला?

क्रेनवाला : सांगितलं कुणी नाही. पण वर मुकादमाचं चालत नाही, वर साहेबाचं चालत नाही. म्हटलं, तुमचंही चालत नसेल.

कोच : हसवू नका मला. सकाळपासून दोन बिस्किटांवर आहे मी आणि तुम्ही आजचे एकोणिसावे. सगळ्यांची वजनं, सगळ्यांची कारणं. कुणाची बायको तेल जास्त घालते, कुणाच्या मेहुणीचं लग्न आहे. उंचीचं कारण मात्र आज पहिल्यांदा ऐकलं.

क्रेनवाला : मग लिहून ठेवा.

कोच : ठेवते. आता सरळ बोलू. काट्यावर एकशे तेरा किलो सहाशे. तुम्ही शिडीवरून घसरलात तर धरून ठेवणारा जो पट्टा आहे, तो एकशे दहापर्यंतच धरतो. सात आठवड्यांनी तपासणी आहे. त्या दिवशी काटा एकशे दहाच्या वर गेला तर तुम्हाला शिडीला हात लावू देणार नाहीत. हे माहीत आहे ना?

क्रेनवाला : माहीत आहे. मग खाली घेतील. हातात वॉकीटॉकी देतील आणि सांगतील, सिग्नल दे.

कोच : ते काम वाईट असतं का?

क्रेनवाला : काम वाईट नाही. मला नको.

कोच : का?

क्रेनवाला : नको म्हणजे नको. तेवीस वर्षं वर बसलोय. खाली लोक फार बोलतात.

कोच : बरं. मग दुपारचं सांगा. काय असतं डब्यात?

क्रेनवाला : चार कप्प्यांचा डबा आहे. मोठा. एकात भात. एकात सहा-सात ब्रेड, कडेला चार उकडलेली अंडी. एकात भाजी, वर तेल आलेली. खालच्यात कधी बटाटे, कधी मासे. केळी वेगळी, दोन.

कोच : आणि तुम्ही हे सगळं खाता?

क्रेनवाला : बाराला बादलीतून दोरीनं वर येतं. साडेबारापर्यंत संपवतो. कधी पाऊण वाजतो.

कोच : हे दोन माणसांचं जेवण आहे.

क्रेनवाला : माणूसही तेवढाच आहे ना, मॅडम.

कोच : अकरा महिन्यांपूर्वी नव्हता. तुमची मागच्या वर्षीची नोंद आहे माझ्याकडे. अठ्ठ्याण्णव. त्याच्या आधीच्या वर्षी सत्त्याण्णव. मग एकदम काय झालं?

क्रेनवाला : वय झालं.

कोच : वय एका वर्षात एकच वर्ष वाढतं. पंधरा किलो नाही वाढत. घरी सांगा, अर्धा डबा भरायला.

क्रेनवाला : ते नाही जमणार.

कोच : मग अर्धा परत न्या.

क्रेनवाला : डबा कधी भरलेला परत गेला नाही.

कोच : मग खाली कुणाला तरी द्या. शंभर माणसं राबतात इथे. कुणीही दुवा देईल.

क्रेनवाला : तेही नाही.

कोच : घोडं अडतंय कुठे, ते तरी सांगा.

क्रेनवाला : कुठे नाही. करतो प्रयत्न. लिहितो वरचंही.

कोच : तुमच्या बायकोशी मी बोलू का?

क्रेनवाला : नको. तिला कंबरेचा त्रास आहे. उगाच कशाला.

कोच : कंबरेनं नाही बोलायचं, फोनवर बोलायचं.

क्रेनवाला : नको म्हटलं ना, मॅडम.

*

कोच : बसा. काट्यावर नाही गेलात तरी चालेल आज.

क्रेनवाला : जाऊन आलो. एकशे चौदा दोनशे. आठवड्यात सहाशे ग्रॅम वर. वहीत या वेळी सगळं लिहिलंय, वरचंसुद्धा. पेन खिशात घालून चढलो.

कोच : पाहिलं. प्रामाणिकपणे लिहिलंय. वाचूनच मला धाप लागली.

क्रेनवाला : आज आवाज का असा तुमचा?

कोच : माझ्याकडून एक चूक झाली. परवा तुमच्या घरी फोन केला. तुम्ही नको म्हणाला होतात, पण फॉर्मवर नंबर होता. मला वाटलं, नेहमीचंच असेल, बायकोपुढे तोंड उघडत नसेल माणूस. फक्त एवढंच म्हटलं, की पुढच्या सोमवारी पाच वाजता या, जेवणाबद्दल बोलायचं आहे.

क्रेनवाला : काय म्हणाली?

कोच : म्हणाल्या, येते की. येते म्हणजे पोरालाही भेटून होईल.

क्रेनवाला : पोराला म्हणाली?

कोच : तुमचा मुलगा इथेच कामाला आहे हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. मला बरंच वाटलं. म्हटलं, त्यालाच सांगू तुमच्यावर लक्ष ठेवायला. म्हणून ऑफिसात त्याचं नाव विचारलं.

क्रेनवाला : मग?

कोच : ते म्हणाले, तो अकरा महिन्यांपूर्वीच सोडून गेला.

क्रेनवाला : पाणी आहे का?

कोच : घ्या. सावकाश.

क्रेनवाला : कुणाला काही बोललात?

कोच : नाही. आणि बोलणारही नाही. पण मला सांगा आता. अकरा महिने आणि पंधरा किलो, एवढं माझ्याही लक्षात येतं.

क्रेनवाला : तो माझा सिग्नलवाला होता. वरून मला खालचं निम्मं दिसत नाही. भिंतीआड काय आहे ते खालचा माणूस सांगतो, तेव्हा मी हूक सोडतो. चार वर्षं तो माझे डोळे होता. दुपारी मी हूक थांबवायचो, डबा खालीच ठेवायचा, मी उतरायचो. दोघं मिळून जेवायचो, सळ्यांच्या ढिगावर बसून. त्याच्यासाठी उतरायचो मी. गुडघे दुखायचे, पण उतरायचो.

कोच : मग?

क्रेनवाला : एक दिवस लोखंड उतरवत होतो. तो म्हणाला, आण खाली. मी आणलं. एकदम कोपऱ्यातून एक गवंडी भाराखाली आलेला दिसला मला. थांबवलं. वीतभर राहिलं असेल. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

कोच : आणि तुम्ही चिडलात.

क्रेनवाला : चिडलो म्हणजे काय, घाबरलो होतो हो. वॉकीटॉकीवरचा आमचा चॅनल सगळ्यांना उघडा असतो, साइटवरच्या प्रत्येकाच्या कमरेला तो वाजतो. त्यावर मी त्याला नको ते बोललो. त्याच्या जन्मापर्यंत गेलो. शेवटी म्हणालो, माणसाचा जीव तुझ्या हातात द्यायच्या लायकीचा नाहीस तू. उद्यापासून माझ्या हुकाखाली दिसू नकोस.

कोच : तो काय म्हणाला?

क्रेनवाला : आमच्यात नियम आहे. वरून आलेली सूचना खालच्यानं पुन्हा म्हणायची. म्हणजे त्यानं ऐकली हे वरच्याला कळतं. त्यानं म्हटली. एकदम शांतपणे. 'उद्यापासून तुमच्या हुकाखाली दिसणार नाही.' शंभर माणसांनी ऐकलं.

कोच : चूक त्याची होती?

क्रेनवाला : नाही. गवंडी दोरी ओलांडून घुसला होता. तिसऱ्या दिवशी कळलं मला. तोवर पोरानं घर सोडलं होतं. मी बोललो त्याच रात्री त्याची आई पण त्याला म्हणाली, बाबा बोलले असतील तर काहीतरी असेल. तिला काय माहीत. तो तिच्याशीही न बोलता बॅग घेऊन गेला.

कोच : आणि डबा?

क्रेनवाला : सकाळी तिनं दोघांचा भरला. म्हणाली, राग घरावर असेल, जेवणावर नसेल. साइटवर तर येईल ना तो. मी आलो. तो नव्हता. दुपारी उतरलो नाही, डबा वर घेतला. माझं खाऊन झालं, त्याचं तसंच होतं. आता ते घरी नेलं असतं तर पहिल्याच दिवशी तिचं तोंड बघावं लागलं असतं. म्हणून खाल्लं. संध्याकाळी तिनं डबा उघडला आणि विचारलं, जेवला का तो? मी म्हटलं, जेवला.

कोच : एकदा म्हणालात.

क्रेनवाला : एकदाच म्हणणार होतो. म्हटलं, दोन दिवसांत येईल परत. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मग आठवडा झाला. मग कसं सांगणार? त्यानं फोन नंबर बदलला, ती म्हणाली फोन लागत नाही. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावरून पडला त्याचा फोन. रुसलाय अजून, येईल. गेटवर बाहेरच्यांना सोडत नाहीत, तू येऊ नकोस. एकाला झाकायला दुसरं, दुसऱ्याला झाकायला तिसरं. थकलो हो मी. क्रेन चालवून नाही थकत एवढा.

कोच : पण निदान टाकून तरी द्यायचं होतं. किंवा कुणाला...

क्रेनवाला : तिनं ते पोराला वाढलेलं असतं. दुसऱ्याच्या तोंडात कसं घालू? आणि टाकवत तर नाहीच. चार वाजता उठते ती, कंबरेला पट्टा बांधून उभी राहते.

कोच : पुढच्या सोमवारी त्या येणार आहेत.

क्रेनवाला : तुम्ही फोन करून सांगा, रद्द झालं म्हणून.

कोच : नाही करणार.

क्रेनवाला : मग निदान तिच्यापुढे काही बोलू नका.

कोच : मी होऊन काही बोलणार नाही. ते तुमचं आहे. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही. एवढं ओझं मला झेपणार नाही. माझ्याकडे आधीच चाळीस माणसांची ओझी आहेत.

*

बायको : नमस्कार. मी यांची मंडळी. उशीर झाला, दोन बस बदलून आले. गेटवरचा म्हणाला, पाळी सुटली, सगळे गेले. पोरगा पण गेला का हो?

क्रेनवाला : गेला.

बायको : सांगितलं नव्हतं का त्याला, मी येणार म्हणून?

क्रेनवाला : बस आधी. दमलीस.

बायको : सांगितलं होतं की नव्हतं?

क्रेनवाला : बस ना.

बायको : थांबला असता दहा मिनिटं तर काय झिजला असता? बापाचा हट्ट जसाच्या तसा उतरलाय. असो. मॅडम, तुम्ही बोलवलंत. काय बिघडलंय यांचं?

कोच : बिघडलं असं नाही. वजन उतरायला हवं. अजून पाच आठवडे आहेत. चार किलोच्या आसपास. अशक्य नाही, पण दुपारचं जेवण निम्म्यावर आणावं लागेल.

बायको : दुपारचं? दुपारी कुठे जास्त खातात हे? घरी तर निम्मं पान टाकून उठतात रात्री. मी म्हणते, आवडेनासं झालं का माझ्या हातचं.

कोच : डबा मोठा आहे ना तुमचा.

बायको : डबा मोठा आहे, पण तो दोघांत जातो. निम्मा पोरगा खातो. उलट मला वाटतं, जास्त तोच खात असेल. जवान आहे, दिवसभर उन्हात उभा. यांनी सांगितलं नाही?

कोच : मला... डब्यात काय असतं ते सांगितलं त्यांनी.

बायको : मग कसं वाढलं वजन? बसून बसून?

कोच : बसूनही वाढतं.

बायको : तुम्ही यांच्याकडे का बघताय सारखं?

क्रेनवाला : काही नाही. तू ऐक त्या काय सांगतात ते.

बायको : ऐकतेच आहे. हे बघा मॅडम, मला कळलं तुमचं. निम्म्यावर आणायचं तर पोराचं का निम्म्यावर आणायचं? त्याचं वजन बरोबर असेल. मी काय करते, दोन डबे करते. एक यांचा, तुम्ही लिहून द्याल तसा. मोजून. एक त्याचा, नेहमीसारखा. हे आपला खातील, तो आपला खाईल. भेसळ नको.

कोच : तसं...

बायको : काय चुकलं? चार वाजता उठते ती साडेतीनला उठेन. मला काय, तेवढंच आहे हातात. हे घेऊन येतील दोन डबे.

कोच : तुम्ही बोला आता. त्या तुम्हाला विचारतायत.

बायको : त्यांना काय विचारायचंय? हो म्हणतील. अहो, हो म्हणा.

क्रेनवाला : नाही.

बायको : नाही कशाला? नोकरी टिकेल, वजन उतरेल, पोर उपाशी राहणार नाही. सगळं सुटतंय.

क्रेनवाला : सुटतंय खरं. दुसरा डबा मी वाटेत कुणालाही देईन आणि तुला कळणारही नाही. आठवडाभर हेच येत होतं डोक्यात. पण मला आता दुसरा डबा उचलवणार नाही.

बायको : उचलवणार नाही म्हणजे? केवढा तो डबा.

क्रेनवाला : तो इथे नाही.

बायको : कोण?

क्रेनवाला : पोरगा. इथे कामाला नाही. घर सोडलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नाही. आलाच नाही तो.

बायको : पण तुम्ही तर रोज...

क्रेनवाला : रोज खोटं बोललो.

बायको : काल म्हणालात, केळं कच्चं होतं म्हणाला.

क्रेनवाला : मला लागलं कच्चं.

बायको : मॅडम, तुम्हाला माहीत होतं?

कोच : आठ दिवसांपासून.

बायको : म्हणजे माझ्या आधी तुम्हाला.

कोच : हो. त्याबद्दल मला वाईट वाटतं. मी बाहेर थांबू का?

बायको : नका. तुम्ही गेलात तर मी काय बोलेन मला माहीत नाही. बसा इथेच. ...हिवाळ्यात खोकला कुणाला झाला होता?

क्रेनवाला : कुणालाच नाही. तू विचारलंस, बरा आहे ना, नुसतं बरा आहे म्हटलं तर तुला पटेना. म्हणून खोकला म्हटलं.

बायको : आणि औषध?

क्रेनवाला : मीच प्यायलो.

बायको : आणि स्वेटर? महिनाभर विणला मी.

क्रेनवाला : वर आहे. खुर्चीवर अंथरलाय. माझ्या अंगात शिरत नाही.

बायको : दर बुधवारी भोपळा घालायचे.

क्रेनवाला : हो.

बायको : तुम्हाला भोपळ्याचा वाससुद्धा चालत नाही. सव्वीस वर्षांत तुमच्या पानात वाढला नाही मी. त्याच्यासाठी घालायचे, खालच्या कप्प्यात, वेगळा. आणि तुम्ही घरी येऊन सांगायचात, कप्पा पुसून खाल्ला त्यानं.

क्रेनवाला : एका दमात खायचो. मधे थांबलो असतो तर गिळला नसता.

बायको : हसायचं की रडायचं मी? सांगा ना, मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात.

कोच : मला नाही सांगता येणार.

क्रेनवाला : तुला त्रास नको म्हणून...

बायको : माझ्यावर घालू नका ते. माझ्यासाठी नाही केलंत. मला सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, का गेला तो. मग तुम्हाला सांगावं लागलं असतं, काय बोललात ते. तेवढं चुकवायला अकरा महिने जेवलात तुम्ही.

क्रेनवाला : हो.

बायको : काय बोलला होतात?

क्रेनवाला : म्हटलं, लायकी नाही तुझी. सगळ्यांसमोर. आणि चूक त्याची नव्हती.

बायको : आणि मी त्याला म्हणाले, बाबा बोलले तर काहीतरी असेल. दारात उभा होता तो. बॅग हातात. माझ्याकडे बघत होता, मी काय बोलते म्हणून. मी ते बोलले.

क्रेनवाला : तुला माहीत नव्हतं.

बायको : विचारायचं होतं मी. आईनं विचारायला हवं. ...मी रात्री झोपायचे कशावर, माहीत आहे? अंथरुणाला पाठ लागली की एकच म्हणायचे मनात. रुसला असेल, घरी येत नसेल, पण माझ्या हातचं जेवतोय. दिवसातनं एकदा का होईना, माझं अन्न त्याच्या पोटात जातंय. एवढ्यावर झोप लागायची मला. ते पण नव्हतं म्हणजे. उपाशी होता की काय, कुठे होता, काहीच नव्हतं.

क्रेनवाला : उपाशी नाही. बरा आहे तो.

बायको : आता परत सुरू करू नका.

क्रेनवाला : हे खरं आहे. दोन महिन्यांपूर्वी इथला एक लोखंड बांधणारा बंदरावर कामाला गेला होता. तिथे दिसला त्याला. क्रेनवर आहे. सिग्नलवाला नाही, वर बसतो. परवाना काढलाय त्यानं.

बायको : क्रेन चालवतो?

क्रेनवाला : चांगली चालवतो म्हणाला. हात हलका आहे म्हणाला. माझा जड आहे.

बायको : नंबर आहे?

क्रेनवाला : आहे.

बायको : दोन महिने आहे?

क्रेनवाला : पाकिटात आहे.

बायको : लावला नाहीत?

क्रेनवाला : बोटं जायची तिथपर्यंत. काय सांगू? शंभर माणसांत बोललो त्याला, आणि आता एकट्याच्या कानात चुकलो म्हणू? आणि त्यानं आवाज ओळखला तर ठेवून देईल. नाही ओळखला तर...

बायको : द्या तो कागद.

क्रेनवाला : इथेच लावतेस?

बायको : परक्याच्या खोलीत नाही लावणार. घरी जाऊन लावते. आधी मी बोलेन, माझं चुकलं ते सांगेन. तुम्ही बाहेर पायरीवर बसायचं. तो म्हणाला बोलतो, तर हाक मारीन. नाही म्हणाला तर नाही मारणार. आणि तुम्ही आत यायचं नाही.

क्रेनवाला : बरं.

बायको : बरं नाही. कबूल आहे का?

क्रेनवाला : कबूल आहे.

कोच : आजचं राहू द्या आता. तुम्ही दोघं घरी जा. वजनाचं पुढच्या आठवड्यात बघू. मी वरच्यांना लिहिते, महिनाभर वाढवून द्या म्हणून. बहुतेक ऐकतील.

बायको : नको. मुदत वाढवून काय करायचंय? राहू दे पाच आठवडे. वर जाऊ दे त्यांना. घरी बसले तर मला तोंड बघावं लागेल दिवसभर, आणि ते मला आत्ता बघवत नाही.

क्रेनवाला : चल, बस जाईल.

बायको : जाऊ दे. दुसरी येईल. मॅडम, तुमच्याकडे कागद आहे ना? लिहून द्या मला. भात किती, ब्रेड किती, अंडी किती. वाटीनं सांगा, ग्रॅममध्ये नको.

कोच : तुम्हाला आज नाही सुचायचं काही. मी उद्या फोनवर सांगते.

बायको : उद्या पहाटे चारला उठायचंय मला. लग्न झालं तेव्हा सासरे होते, त्यांचा आणि यांचा डबा भरायचे. मग सासरे गेले आणि पोरगा कामाला लागला. एका माणसाचा डबा मी कधी भरलाच नाही. तुम्ही लिहा, मी थांबते.